पट्टी न मारलेलं घर

घराच्या सजावटीचे फोटो बघताना मी आधी केरसुणी शोधते. ती सापडत नाही. मग सिलिंडर शोधते, मग ओल्या छत्र्या, इस्त्रीला द्यायच्या कपड्यांचं गाठोडं, पाहुण्यांच्या गाद्या, पिशव्यांनी भरलेली पिशवी. यातलं काहीच नसतं. दिसते ती पांढरी नाहीतर राखाडी भिंत, जमिनीला टेकलेला बुटका सोफा, कोपऱ्यात एक मातीचा घडा आणि घड्यात एक वाळकी फांदी. खाली लिहिलेलं असतं, ‘चार जणांच्या कुटुंबाचं घर’. ही चार माणसं कुठे गेली, असा प्रश्न मला पडतो. त्यांच्या चपलांचे आठ-दहा जोड कुठे गेले, हा त्याहून मोठा प्रश्न.

या प्रकाराला मिनिमलिझम म्हणतात. मराठीत त्याला अजून धड शब्द मिळालेला नाही. साधेपणा म्हणावं, तर त्याचं बिल साधं नसतं. काटकसर तर नव्हेच. मी आपली ‘मोकळं घर’ म्हणते. मुंबई-पुण्यात सत्तर-ऐंशीच्या दशकांत उभ्या राहिलेल्या इमारतींतले फ्लॅट आता पुढच्या पिढीच्या हातात आले आहेत. ही पिढी घराचं ‘काम काढते’ तेव्हा सुताराच्या आधी मोबाइल पुढे करते आणि ‘असं हवं’ म्हणून तो घडा आणि ती फांदी दाखवते. दोन वर्षांपूर्वी आम्हीही हेच केलं. पार्ल्यातली १९८४ सालची इमारत, तिसरा मजला, घरात चार माणसं, त्यातली एक ऐंशीच्या घरातली. त्यामुळे पुढे जे लिहिते आहे ते काही अगदी तटस्थपणे लिहिलेलं नाही.

मुळात आपलं घर भरलं कधी? आजोबांच्या काळातल्या वाड्यात फर्निचर म्हणावं असं फारसं नसायचं. बैठक, लोड-तक्के, पाट, एखादा झोपाळा. सामान भिंतीत जायचं: फडताळ, कोनाडा, खुंटी. गोदरेजने १९२३ मध्ये पोलादी कपाटं करायला घेतली, पण मध्यमवर्गीय घरात असं कपाट लग्नातच यायचं आणि एकच यायचं. खरी गर्दी झाली ती त्यानंतर. फेव्हिकॉल १९५९ सालचा. त्याच्या जोडीला प्लायवुड आणि सनमायका आलं आणि सुताराला भिंतभर काहीही चिकटवता येऊ लागलं. फेव्हिकॉलच्याच कंपनीची फर्निचरच्या नमुन्यांची पुस्तकं निघायची. सुतार ती पिशवीतून काढून पुढ्यात ठेवायचा आणि घरमालक बोट ठेवायचा. त्या बोटातून शोकेस जन्माला आली: बाहुल्या, बक्षिसाचे कप, कधीही न वापरलेला टी-सेट, मधोमध टीव्हीची जागा. म्हणजे ज्याला आपण ‘जुनं, भरलेलं, टिपिकल मराठी घर’ म्हणून नाकं मुरडतो, ते जेमतेम दोन पिढ्यांचं आहे. गंमत म्हणजे शोकेस हीसुद्धा त्या काळची मोबाइलवरची फांदीच होती.

मात्र सगळीच गर्दी हौसेची नव्हती. आमच्या माळ्यावरून स्टीलची आणि पितळेची मिळून साठ-सत्तर भांडी उतरवली. जवळजवळ प्रत्येकावर नाव घातलेलं. कुणाच्या लग्नात कुणी दिलं, तारखेसकट. मारी कोंडोचं घर आवरण्याबद्दलचं पुस्तक जपानमध्ये २०११ च्या सुमारास आलं, इंग्रजीत २०१४ मध्ये आणि मग ते जगभर पोचलं. वस्तू हातात घ्या, आनंद होतो का ते बघा, होत नसेल तर तिचे आभार मानून निरोप द्या, असं ती सांगते. पण मावशीचं नाव घातलेल्या पातेल्याला काय विचारणार? त्यात प्रश्न आनंदाचा नाहीच. ते पातेलं ही नोंद आहे, वही आहे. शिवाय आपल्याकडची निरोपाची पद्धतही वेगळी. बोहारीण दाराशी यायची, जुने कपडे घ्यायची आणि बदल्यात भांडं द्यायची. घरातून वस्तू गेली तरी मागे दुसरी वस्तू ठेवून जायची. पसारा कमी होण्याची आपल्या घरांना सवयच नव्हती, त्याचं रूप तेवढं बदलायचं.

कोंडोबाईंचं पुढे काय झालं तेही सांगते, कारण या सगळ्या आढाव्याचं सूत्र मला तिथे सापडलं. २०२३ मध्ये त्यांनी मोकळेपणाने सांगितलं की तिसरं मूल झाल्यापासून घर आवरण्याचा नाद आपण बराचसा सोडला आहे. लोक हसले. मला त्यात हसण्यासारखं वाटलं नाही, उलट एक शंका आली आणि ती घेऊन मी मोकळ्या घरांच्या जगप्रसिद्ध उदाहरणांकडे पुन्हा गेले. या घरांत राहत कोण होतं?

सुरुवात फार जुनी आहे. कामो नो चोमेई या जपानी कवीने १२१२ साली आपल्या दहा फूट लांब, दहा फूट रुंद झोपडीचं वर्णन लिहिलं. अमिदा बुद्धाचं चित्र, थोडी पुस्तकं, दोन वाद्यं, नेच्याच्या पानांचं अंथरूण. चोमेई संन्यासी होता, एकटा. (आणि शेवटी या झोपडीचाही आपल्याला लोभ जडला आहे की काय, अशी शंका तो स्वतःच घेतो. आजच्या कुठल्याही डिझायनरपेक्षा तो जास्त प्रामाणिक वाटतो.) साधारण पावणेआठशे वर्षांनी लंडनमध्ये जॉन पॉसन या आर्किटेक्टने ब्रूस चॅटविन या लेखकासाठी एक छोटा फ्लॅट जवळजवळ रिकामा करून दिला. चॅटविन आयुष्यभर भटकणारा माणूस, त्याला हॅट टांगण्यापुरती जागा हवी होती. न्यूयॉर्कमध्ये डोनाल्ड जड या शिल्पकाराने १९६८ मध्ये स्प्रिंग स्ट्रीटवरची पाच मजली जुनी ओतीव लोखंडाची इमारत घेतली आणि एकेका मजल्यावर मोजक्याच वस्तू ठेवल्या. एका कुटुंबाला पाच मजले. गिरगावातला माणूस यावर काय म्हणेल ते मी लिहीत नाही. स्टीव्ह जॉब्जचा १९८२ सालचा एक फोटो प्रसिद्ध आहे: जमिनीवर मांडी घालून बसलेला तरुण, एक दिवा, गाणी ऐकायचं यंत्र आणि बाकी रिकामी खोली. तोही तेव्हा एकटाच.

सगळ्यात बोलकं उदाहरण अमेरिकेतल्या फार्न्सवर्थ हाऊसचं. शिकागोपासून काही अंतरावर, नदीकाठी, मीस व्हान डर रोह यांनी एडिथ फार्न्सवर्थ या डॉक्टरबाईंसाठी बांधलेलं आणि १९५१ मध्ये पुरं झालेलं काचेचं घर. पांढरे पोलादी खांब, चारी बाजूंनी काच, आत खरं तर एकच खोली. आधुनिक वास्तुकलेच्या प्रत्येक पुस्तकात ते असतं. या बाई एकट्या होत्या, घर शनिवार-रविवारपुरतं होतं, तरीही त्यांना ते झेपलं नाही. ओट्याखाली कचऱ्याचा डबा ठेवायचा, तर तो बाहेरून कसा दिसेल याचा आधी विचार करावा लागतो, अशी त्यांची जाहीर तक्रार होती. कपडे कुठे ठेवायचे असं विचारल्यावर, सुट्टीच्या घरात एक पोशाख पुरे, तो न्हाणीघराच्या दारामागच्या हुकाला अडकवा, असं मीस म्हणाल्याचा किस्सा सांगतात. खर्चावरून भांडण कोर्टात गेलं. मी हा किस्सा पहिल्यांदा वाचला तेव्हा मला आर्किटेक्टचा राग आला होता. आता त्या हुकाबद्दल जास्त कुतूहल वाटतं. जगातल्या सगळ्यात नितळ घरातही एक हूक लागलाच, फक्त दारामागे.

यादीतली ही माणसं बहुतेक एकटी आहेत: संन्यासी, भटके, कलावंत, ब्रह्मचारी. अपवाद म्हणून सेवाग्राम आठवेल. तिथली बापू कुटी मातीची, कुडाची, आसपास मिळणाऱ्या सामानाची. आत बसायला चटई आणि लिहायला बुटकं मेज. पण तिच्या भोवती अख्खा आश्रम उभा होता: स्वयंपाकघर वेगळं, पाहुणे वेगळे, टपाल सांभाळणारे वेगळे. गांधींना गरिबीत ठेवायला फार पैसे लागतात, हा सरोजिनी नायडूंच्या नावावर सांगितला जाणारा विनोद प्रसिद्धच आहे. विनोद सोडला तरी मुद्दा उरतोच. एक खोली रिकामी दिसते तेव्हा तिचं सामान आणि तिचं काम दुसऱ्या कुठल्या तरी खोलीत गेलेलं असतं. मिनिमलिझमवर लिहिताना आपल्याकडे लगेच अपरिग्रहाची आठवण काढतात. मला ती ओढूनताणून आणलेली वाटते. अपरिग्रहात वस्तू नसते, मोकळ्या घरात ती शटरमागे असते.

मग माणसं खूप आणि वस्तू कमी असं घर कुठे होतं? ते आपल्या चाळीत होतं. मुंबईतल्या बीडीडी चाळी १९२० च्या दशकातल्या, खोली साधारण १६० चौरस फुटांची. त्यात सात-आठ माणसं, कधी गावाकडून आलेले दोघे-तिघे जास्तीचे. त्या खोलीचा फोटो कुणी मिनिमलिझमच्या पुस्तकात छापला नाही, आणि छापूही नये, कारण तो साधेपणा कुणी निवडलेला नव्हता. पण ती खोली चालायची कशी, हे समजून घेण्यासारखं आहे. सकाळी अंथरुणं गोळा होऊन लोखंडी कॉटखाली जायची आणि तीच फरशी स्वयंपाकाची जागा व्हायची. दुपारी तीच शिवणकामाची, संध्याकाळी अभ्यासाची, रात्री पुन्हा झोपायची. पहिल्या पाळीचा माणूस उठून गेला की रात्रपाळीचा त्याच वळकटीवर झोपायचा. पाट हे बसायचं आसनही होतं आणि रात्री उशाला घ्यायलाही चालायचं. नळ, संडास, बोळ, गॅलरी सामाईक. चाळीत जागा रिकामी नसायचीच. ती दिवसातून चार-पाच वेळा रिकामी केली जायची, आणि बहुतेक वेळा बाईच्या हाताने.

हेच तत्त्व हाँगकाँगमधल्या गॅरी चँग या आर्किटेक्टने रुळांवर चढवलं. त्याचं घर ३२ चौरस मीटरचं, म्हणजे साधारण ३४४ चौरस फूट. १९७६ पासून त्याचं कुटुंब तिथे राहत होतं: आई-वडील, तो, तीन बहिणी, वर एक पोटभाडेकरू. ही कथा दादर-परळच्या कुणालाही परकी वाटायची नाही. २००७ मध्ये त्याने ते घर आतून मोकळं केलं आणि भिंती छतातल्या रुळांना टांगल्या. टीव्हीची भिंत सरकवली की मागे स्वयंपाकघर, आणखी एक सरकवली की न्हाणीघर, पलंग वरून खाली येतो. असे चोवीस निरनिराळे नकाशे त्या एका खोलीतून निघतात. मोकळ्या घराच्या सगळ्या उदाहरणांत मला हे सर्वांत शहाणं वाटतं, कारण इथे रिकामेपण शोभेचं नाही, कामाचं आहे. पण गोम इथेही आहेच. हे करून घेतलं तेव्हा आई-वडील आणि बहिणी तिथे राहत नव्हते. चोवीस नकाशे एका माणसासाठी होते. दोघांना एकाच वेळी दोन वेगळे नकाशे हवे असतील तर? आमच्याकडे तर रात्री नऊला चौघांना चार हवे असतात.

आता आमच्या घराच्या कामाकडे वळते. पहिल्याच दिवशी मिस्त्रींनी हॉलच्या कोपऱ्यात गुण्या लावला, ओळंबा सोडला आणि म्हणाले, “ताई, एकही भिंत गुण्यात नाही.” चाळीस वर्षांच्या इमारतीत ते साहजिक होतं. दहा फुटांच्या भिंतीत एका टोकाला सव्वा इंचाचा फरक निघाला. जुन्या पद्धतीच्या कामात याचं काही बिघडत नाही. कपाट आणि भिंत यांच्यात फट राहिली, लाकडाची पट्टी मारा. फरशी आणि भिंत नीट भेटत नाहीत, स्कर्टिंग लावा. चौकटीभोवती प्लास्टर ओबडधोबड आहे, नक्षीची पट्टी मारा. ज्याला आपण सजावट म्हणतो तिच्यातला बराच भाग म्हणजे कारागिराने चुकीवर घातलेलं पांघरूण असतं. व्हिएन्नाच्या आडोल्फ लोसने १९१० च्या सुमारास अलंकरणाला गुन्ह्याच्या रांगेत बसवणारं गाजलेलं व्याख्यान दिलं, तेव्हा त्याचा रोख वाया जाणाऱ्या श्रमांवर होता. नक्षी काढून टाकली की कारागिराचे कष्ट वाचतील, असा त्याचा हिशेब. आमच्या घरात हिशेब बरोब्बर उलटा झाला. पट्टी मारायची नाही म्हटल्यावर भिंत तासावी लागली, पुन्हा प्लास्टर करावं लागलं, कपाटाचा पल्ला दोन-दोन मिलिमीटरने उतरवून पाच वेळा लावावा लागला. भिंतीचं प्लास्टर फरशीच्या अर्धा इंच वर थांबवून खाली नुसती सावलीची रेघ ठेवायची ही डिझायनरची आवडती गोष्ट. त्या अर्ध्या इंचासाठी गवंड्याचे चार दिवस गेले. नंतर कळलं की फडक्याचं पाणी नेमकं तिथे जातं आणि मुंग्यांना ती रेघ फार आवडते. आता मी कुठल्याही मोकळ्या घरात गेले की भिंत आणि जमीन जिथे भेटतात तिथे आधी बघते. घराचा खरा खर्च तिथे दिसतो.

दुसरा खर्च लपवण्याचा. जपानी लेखक तानिझाकी यांचा जुन्या घरांतल्या सावल्यांवरचा १९३३ सालचा निबंध सौंदर्याबद्दल म्हणून वाचला जातो. पण त्याची सुरुवात अगदी आपल्या सोसायटीतल्या गप्पांसारखी आहे: घर बांधायला घेतलं की विजेच्या तारा, गॅसच्या नळ्या, पाण्याचे पाइप लपवायचे कुठे? नव्वद वर्षांनी प्रश्न तोच, त्यात एसीची तांब्याची नळी आणि इंटरनेटची वायर वाढली. आमच्याकडे स्वयंपाकघर आणि हॉल यांच्यामधली साडेचार इंची भिंत काढली. आरसीसीच्या सांगाड्यात भार खांब आणि तुळया पेलतात, त्यामुळे मधली विटांची भिंत बहुधा जाऊ शकते. मात्र स्ट्रक्चरल इंजिनीअरचं पत्र आणि सोसायटीची परवानगी घेतल्याशिवाय हातोडा उचलू नये. गिरगाव-काळबादेवीच्या जुन्या इमारतींत तर भिंतच भार पेलत असू शकते, तिथे हा खेळ जिवावरचा. भिंत गेली, पण वरची तुळई राहिली. तुळई दिसायला नको म्हणून पीओपीचं फॉल्स सीलिंग आलं. ते आलं म्हणून साडेनऊ फुटांची उंची नऊच्या खाली गेली आणि पंख्याचा दांडा कापावा लागला. खोली मोठी दिसावी म्हणून भिंत पाडली आणि त्यापायी छत खाली आलं. एक गोष्ट लपवायला दुसरी, दुसरी लपवायला तिसरी. तुळई तशीच उघडी ठेवून रंगवली असती तर काय झालं असतं, हे मी त्या वेळी विचारलं नाही. विचारायला हवं होतं.

कपाटांचं गणित तर कुणी सांगतच नाही. हँगरला कपडे अडकवायचे तर कपाट आतून जवळजवळ दोन फूट खोल लागतं. दहा फुटांची एक भिंत जमिनीपासून छतापर्यंत कपाटांनी झाकली की वीस चौरस फूट गेले. शहरात चौरस फुटाला तीस हजार भाव धरला, तर सहा लाखांची जमीन कपाटाखाली गेली आणि कपाटाची किंमत वेगळी. मोकळी दिसणारी खोली अशी भरलेली असते. मुंबईची हवा या बंद भिंतीला माफ करत नाही. पावसाळ्याचे चार महिने बाहेरच्या भिंतीला लागून असलेलं कपाट आतून घामेजतं, चामड्याच्या पट्ट्यांवर पांढरी बुरशी धरते. मागे थोडी फट आणि पल्ल्याला जाळी ठेवा म्हणावं, तर ते ‘लुक’मध्ये बसत नाही. जुन्या गोदरेजच्या कपाटाला पाय होते आणि ते भिंतीपासून वीतभर पुढे उभं असायचं. त्यामागे कारण होतं.

स्वयंपाकघरापाशी मात्र रेंगाळावंच लागेल, कारण मोकळ्या घराचा वाद शेवटी तिथेच येतो. जगातलं पहिलं शिस्तबद्ध बसवलेलं स्वयंपाकघर म्हणून फ्रँकफुर्टच्या स्वयंपाकघराचं नाव घेतात. मार्गारेटे शुट्टे-लिहोट्झकी या आर्किटेक्टबाईंनी ते १९२६ मध्ये कामगारांच्या नव्या वसाहतींसाठी आखलं. साधारण १.९ बाय ३.४ मीटरची जागा, प्रत्येक हालचाल मोजून ठरवलेली, इस्त्रीची फळी भिंतीतून खाली उतरणारी, पीठ-तांदळासाठी नाव लिहिलेले ॲल्युमिनियमचे कप्पे. अशी जवळपास दहा हजार स्वयंपाकघरं बसवली गेली. तक्रार आली ती ही: यात एका वेळी एकच बाई मावते. आपल्या आजच्या मॉड्युलर किचनचं मूळ याच घराण्यातलं, आणि तक्रारही तीच. आमच्याकडे पोळ्या करणाऱ्या ताई लाटायच्या तेव्हा आई शेजारी भाजी निवडत बसायची. नव्या ओट्यापाशी तिला बसायला जागाच नाही, कारण बसणं नकाशात नव्हतं.

आणखी एक गोष्ट नकाशात नसते, ती म्हणजे वर्ष. मोकळं स्वयंपाकघर आठवड्याच्या सामानावर चालतं. दर दोन दिवसांनी घरपोच मागवायचं, म्हणजे कोठीची खोली दुसऱ्याच्या गोदामात ठेवायची. मराठी घर मात्र अजून वर्षावर चालतं. उन्हाळ्यात तिखट-हळद, पापड-कुरडया, लोणच्याच्या बरण्या, नवे तांदूळ. श्रावणात पूजेचं सामान, भाद्रपदात गौरी-गणपतीचं, आश्विनात फराळाचे डबे. वर्षातून एकदाच लागणारी वस्तू निरुपयोगी नसते, ती फक्त वाट बघत असते. कोंडोच्या प्रश्नात हे वाट बघणं येत नाही. पांढऱ्या क्वार्ट्झच्या ओट्यावर हळदीचा डाग सांडल्या सांडल्या पुसला नाही तर राहतो, हे आम्ही पहिल्याच आठवड्यात शिकलो. जुना कडप्प्याचा काळा ओटा चाळीस वर्षं सगळं पोटात घेत होता. तो तोडायला दोन माणसं अर्धा दिवस घाम गाळत होती.

तोडलेल्या गोष्टींत माझा जीव सगळ्यात जास्त हळहळला तो फरशीसाठी. ऐंशीच्या दशकातली मोझॅकची लादी: सिमेंटमध्ये संगमरवरी चुरा, वरून घासलेला. ‘जुनाट दिसते’ म्हणून ती फोडली, गोणीत भरली, गोण्यांचं वेगळं भाडं भरलं. महिन्याभराने टाइलच्या दुकानात विक्रेत्याने नव्या फॅशनचा नमुना दाखवला, नाव टेराझो. सिमेंटमध्ये संगमरवरी चुरा, वरून घासलेला. मी त्याच्याकडे बघत राहिले. जुनी लादी मशीनने घासून पॉलिश केली असती तर काम चार दिवसांत आणि फारच थोड्या पैशांत झालं असतं. मुंबईत १९२२ पासून स्वदेशीच्या विचाराने सिमेंटच्या टाइल घडवणारी भारत टाइल्ससारखी कंपनी आहे. तिच्या जुन्या नक्षीच्या लाद्या आता जपून ठेवण्याच्या वस्तू झाल्या आहेत. माझं मत विचाराल तर जुन्या फ्लॅटमधलं खरं मिनिमल काम म्हणजे कमीत कमी तोडणं. लादी घासा, सागवानी दारांवरचे ऑइलपेंटचे थर उतरवा, शोकेस काढा, पडदे हलके करा, पिवळसर दिवे लावा, आणि सहा महिने थांबा. पण त्यात दाखवण्यासारखा फोटो निघत नाही आणि त्यात कुणाचं कमिशनही नाही.

मोकळेपणाचे फायदे नाकारायचे नाहीत. शोकेस गेल्यावर हॉलला दुसरी खिडकी मिळाली, जी तीस वर्षं टीव्हीच्या मागे होती. पार्ल्याचा वारा दुपारी आरपार जातो. धूळ पुसायला वीस मिनिटं पुरतात. मुलगी जमिनीवर कागद पसरून चित्रं काढते. पहिले काही दिवस आवाज घुमायचा, फोनवर बोललं तरी स्टेशनवर उभं राहिल्यासारखं वाटायचं. मग एक सतरंजी अंथरली, पुस्तकं परत उघड्या फळीवर आली आणि आवाज माणसांत आला.

म्हाताऱ्या माणसांचं मात्र या शैलीने कधी ऐकलेलंच दिसत नाही. बुटक्या सोफ्यावरून गुडघे उठू देत नाहीत. हँडल नसलेला, दाबल्यावर उघडणारा कप्पा संधिवाताच्या बोटांना कळत नाही: एकदा दाबला तर उघडतो, चुकून दोनदा दाबला तर पुन्हा बंद. भिंतीला धरून चालायचं तर हात टेकायला काही नाही. सगळं पांढरं असल्यामुळे पायरी कुठे संपते ते दिसत नाही. आईने पहिल्याच दिवशी विचारलं, “माझ्या देवांना पण शटर लावलंस?” लावलं होतं. सरकतं, पांढरं, भिंतीशी एकजीव. आत समईची काजळी साठायला लागली आणि एके सकाळी पल्ला काळवंडलेला दिसला, तेव्हा शटर काढलं. आता हॉलमध्ये शिरल्यावर पहिल्यांदा नजरेत भरतात ते आमचे देव.

मोकळं घर विकत मिळतं ती जागाही बघण्यासारखी आहे: लोअर परळच्या फिनिक्स मिलच्या आवारात आज मॉल आहे. मुजी या जपानी कंपनीने भारतातलं पहिलं दुकान २०१६ मध्ये तिथेच उघडलं. ‘मुजी’च्या पूर्ण नावाचा अर्थच मुळी बिनाशिक्क्याच्या चांगल्या वस्तू असा आहे. कंपनी १९८० सालची. मी तिथून एक पांढरी बरणी घेऊन बाहेर पडले तेव्हा मनात आलं, १९८२ च्या गिरणी संपाआधी या गेटमधून बाहेर पडणाऱ्या माणसांच्या घरी जेवढ्या वस्तू होत्या, त्या सगळ्या मिळून या एका दुकानाच्या एका फळीवर मावल्या असत्या. जवळच वरळीला बीडीडीच्या रहिवाशांना १६० फुटांच्या बदल्यात ५०० फुटांची घरं मिळत आहेत. तिथे काय होतं आहे ते मी ओळखीच्या एका घरी जाऊन पाहिलं. रंगीत दिव्यांचं फॉल्स सीलिंग, भिंतभर टीव्ही युनिट, त्यात काचेमागे कप आणि बाहुल्या. मालकीणबाईंनी एकेक कप्पा उघडून दाखवला. तीन पिढ्या वस्तू ठेवायला जागा नव्हती, आता आहे. त्यांना मी आमच्या रिकाम्या भिंतीचा फोटो दाखवलाच नाही.

आमच्या घराच्या नकाशात खुंटी नव्हती. चाव्या, पिशवी, छत्री, आईची काठी, सगळ्याला ‘डेडिकेटेड स्टोरेज’ होतं. महिनाभर सगळे जण चाव्या त्या कप्प्यात ठेवायचे आणि रोज सकाळी तोच कप्पा उघडून शोधायचे. पुढे मिस्त्री एका पल्ल्याची बिजागरी बदलायला आले, तेव्हा आईने त्यांना हळूच आत बोलावलं. मला हातोड्याचे तीनच ठोके ऐकू आले. बाहेरच्या दारामागे, दार उघडं असताना दिसणार नाही अशा जागी, दोन इंचांचा एक खिळा. त्यावर आता तिची पिशवी आहे, माझ्या चाव्या आहेत, आणि पावसाळ्यात वर छत्रीही येते. दार त्यामुळे पूर्ण उघडत नाही.